मदत हवी आहे: केंद्रकात ईजीएफआर (ईजीएफ या वाढघटकाचा पेशीपटलावरचा रिसेप्टर) दिसतोय, खरा की भेसळ?

पेशीवेडा: ए४३१ पेशी (मानवी कर्करोगपेशी), रात्रभर सीरमविना, मग ईजीएफ १०० नॅनोग्रॅम/मिली, ३० मिनिटं. १० मिलिमोलर हेपेसचा हायपोटॉनिक बफर (पीएच ७.९), ०.३% एनपी-४० (सौम्य डिटर्जंट), कमी वेगावर केंद्रकं खाली बसवली. वेस्टर्न ब्लॉटमध्ये (अँटिबॉडीने प्रथिन ओळखण्याची चाचणी) केंद्रकाच्या भागात १७० किलोडाल्टनला ठळक पट्टी येते. ट्युब्युलिन (सायटोसोलची, म्हणजे पेशीद्रवाची खूण) शून्य, लॅमिन (केंद्रकाची खूण) भरपूर. पण ईजीएफ न दिलेल्या नमुन्यातही फिकट पट्टी आहेच. शिवाय पटलात रुतलेलं अख्खं प्रथिन आत शिरतं तरी कसं?

जालिका: ट्युब्युलिन नाही म्हणजे सायटोसोल धुऊन निघाला, एवढंच. पटलांबद्दल त्यातून काहीच कळत नाही. केंद्रकाचं बाहेरचं पटल आंतर्द्रव्यजालिकेला सलग जोडलेलं असतं, त्यामुळे सौम्य डिटर्जंटमध्ये जालिका केंद्रकासोबतच खाली येते. त्याच ब्लॉटवर कॅल्नेक्सिन (जालिकेची खूण), ईईए१ (एंडोसोमची, म्हणजे पेशीने आत घेतलेल्या पुटिकांची) आणि सोडियम-पोटॅशियम एटीपीएज (पेशीपटलाची) लावा. ए४३१ मध्ये पेशीमागे वीसेक लाख रिसेप्टर असतात. एक टक्का चिकटून आला तरी वीस हजार झाले! फिकट पट्टी बहुधा तीच.

केंद्रकं १% ट्वीन-४० आणि ०.५% सोडियम डीऑक्सिकोलेटच्या मिश्रणात बर्फावर थोडा वेळ धुवा, बाहेरचं पटल सुटतं. मात्र ते धुवण फेकू नका, तेही जेलवर चढवा. आतल्या पटलातला रिसेप्टरही त्यात उतरू शकतो.

पेशीवेडा: कॅल्नेक्सिन लावलं. दणदणीत आलं. आता आत शिरण्याचा मार्ग सांगाल का?

गॉल्गीकर: ईजीएफआरसाठी मांडलेला मार्ग असा: क्लॅथ्रिन प्रथिनाचं आवरण असलेल्या पुटिकेतून एंडोसोम, तिथून उलट दिशेने गॉल्गी, मग सीओपीआय आवरणाच्या पुटिकांनी आंतर्द्रव्यजालिका. जालिका आणि केंद्रकाची पटलं सलग, म्हणून रिसेप्टर पटलात राहूनच केंद्रकछिद्राच्या कडेने आतल्या पटलावर सरकतो. अमिनो आम्ल क्रमांक ६४५ ते ६५७ हा आर्जिनिन-लायसिनचा पट्टा पटलाच्या लगेच खाली, सायटोप्लाझमच्या बाजूला आहे. तो पट्टा इम्पोर्टिन-बीटा१ हे केंद्रकात माल नेणारं प्रथिन पकडतं. शेवटी सेक६१-बीटा या पटलातल्या प्रथिनमार्गिकेच्या घटकाच्या मदतीने रिसेप्टर पटलातून सुटतो. मार्गच जालिकेतून जातो, त्यामुळे जालिकेची भेसळ इथे सगळ्यात फसवी.

ईजीएफआरच्याच कुळातल्या ईआरबीबी४ या रिसेप्टरचं वेगळं. आधी टेस हे एंझाइम बाहेरचा भाग तोडतं, मग गॅमा-सिक्रिटेज हे दुसरं एंझाइम पटलातच कापतं आणि ८० किलोडाल्टनचा आतला तुकडा सुटतो. त्यासाठी सी-टोकाचीच अँटिबॉडी हवी. तुमची पट्टी १७० ला आहे, तेव्हा हा प्रकार नव्हे.

जालिका: हा मार्ग अडवणाऱ्या अवरोधकांबद्दल थोडं. ब्रेफेल्डिन ए ने गॉल्गी मोडतं, पण नवा रिसेप्टर पृष्ठभागावर येणंही थांबतं; त्यामुळे ते ईजीएफच्या थोडंच आधी द्या, रात्रभर नको. ६४५-६५७ बदललेला म्युटंट वापरलात तर पीकेसी या एंझाइमची फॉस्फेट जोडण्याची थ्रिओनिन ६५४ ही जागाही त्याच पट्ट्यात आहे, हे धरून चाला.

मायक्रोस्कोपीत सपाट प्रतिमेवर भरवसा ठेवू नका, केंद्रकाच्या वर-खाली पेशीपटल असतंच. कॉन्फोकलचे झेड-छेद घ्या. जोडीला डिजिटोनिन या सौम्य डिटर्जंटचा नमुना करा: ४० मायक्रोग्रॅम/मिली, बर्फावर ५ मिनिटं. फक्त बाहेरचं पेशीपटल उघडतं, केंद्रकाचं शाबूत राहतं. तिथे लॅमिन दिसता कामा नये. लॅमिन दिसत नाही पण ईजीएफआरचं कडं दिसतंय, तर तो बाहेरच आहे. केंद्रकाचं पटलही उघडणारं ट्रायटन ०.२% दिल्यावरच आतले ठिपके उमटले, तर पुढे बोलू.

पेशीवेडा: लॅमिनची अँटिबॉडी उंदराची, ईजीएफआरचीही उंदराची आहे, एकत्र लावल्या तर वेगळ्या ओळखता येणार नाहीत. आधी सशाची मागवतो.