ऊसदर आंदोलनाआधीची १६८ ची नोटीस: सही करायची की परत पाठवायची?

कृष्णाकाठ
गळीत हंगाम तोंडावर आला की सांगली-साताऱ्यात कार्यकर्त्यांच्या दारी पोलीस नोटीस घेऊन येतात. पूर्वी ती फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४९ ची होती, १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६८ ची. मजकूर ठरलेला: आंदोलन करू नये, काही घडल्यास आपणास जबाबदार धरण्यात येईल. माझं मत, ही नोटीस हातातच घ्यायची नाही. हे कलम दखलपात्र गुन्हा, म्हणजे ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात तो, रोखण्यासाठी आहे. ऊस नियंत्रण आदेश १९६६ प्रमाणे १४ दिवसांत एफआरपी (केंद्राने ठरवलेला उसाचा किमान दर) द्यायची असते. ती थकवणाऱ्या कारखान्याच्या गेटवर बसणं हा कुठला दखलपात्र गुन्हा? शांततेने, विनाशस्त्र जमायचा हक्क अनुच्छेद १९(१)(ख) देतो. सही केली की त्यावर आपणच पाणी सोडलं.

कराड_कोर्ट
दादा, नोटीस नाकारून हाती काय लागतं? डायरीला ‘स्वीकारण्यास नकार’ अशी नोंद होते आणि उद्या ताब्यात घेताना तीच पुढे केली जाते. सही ही फक्त पोच असते. सहीशेजारी तारीख, वेळ आणि ‘मजकूर अमान्य, हरकत राखून स्वीकारली’ असं लिहा. मग लेखी उत्तर द्या: जागा, वेळ, अंदाजे माणसं, मागणी, अँब्युलन्ससाठी कोणती बाजू मोकळी ठेवणार, स्वयंसेवकांचे नंबर. पोलीस ठाण्याचा आवक शिक्का मारलेली प्रत जपून ठेवा. शिक्का देत नसतील तर अधीक्षक कार्यालयाला स्पीड पोस्ट करा.

आणि मुख्य गोष्ट, ही नोटीस म्हणजे ताकीद, जमावबंदी नव्हे. जमावबंदीचा कागद वेगळा असतो: महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१, कलम ३७(३). तो राज्य शासनाच्या मंजुरीशिवाय १५ दिवसांपेक्षा जास्त चालत नाही. आदेशाचा क्रमांक, मुदत, हद्द आणि कारण बघा. लोक नोटिशीवरून भांडत बसतात, आदेशाची प्रत कुणी मागतच नाही.

पेठनाका
हक्काचं सगळं मान्य. पण पेठ नाक्यावर चक्का जाम झाला की कराडच्या दवाखान्याकडे निघालेला रुग्णही अडकतो. संचाराचा हक्क त्यालाही आहेच ना, १९(१)(घ)? सार्वजनिक रस्ता बेमुदत अडवता येत नाही, हे दिल्लीतल्या शाहीनबाग धरणे आंदोलनाच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली सांगितलंय. पोलिसांनी आधी ताकीद दिली तर बिघडलं कुठं? लाठी चालवण्यापेक्षा कागद कधीही बरा.

कराड_कोर्ट
रस्ता अडवणाऱ्याला ताकीद जरूर द्या. माझा आक्षेप आहे तो एकाच छापाची नोटीस गेटवर धरणे धरणाऱ्यालाही देण्यावर. फेब्रुवारी २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने बीडच्या अतिरिक्त जिल्हादंडाधिकाऱ्यांचा ३७ चा आदेश रद्द केला, तोही शांततेत बसू पाहणाऱ्या आंदोलकांच्या याचिकेवर. त्याच वर्षी जानेवारीत अनुराधा भसीन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १४४ चे जमावबंदीसारखे आदेश (नव्या संहितेत आताचं १६३) प्रसिद्ध करावे लागतात आणि रास्त मतप्रदर्शन दडपायला ते वापरता येत नाहीत.

कृष्णाकाठ
निकाल येईपर्यंत हंगाम सरतो, साहेब. आदल्या रात्री उचलायचं, दुसऱ्या दिवशी सभा उधळली की सोडायचं, हा शिरस्ता आहे. तिथं तुमच्या आवक शिक्क्याने काय होणार? चार गावांनी मिळून नोटिसा परत पाठवल्या तर प्रशासनाला निदान दखल तरी घ्यावी लागेल.

कराड_कोर्ट
उचलतात ते नागरिक सुरक्षा संहितेच्याच कलम १७० खाली. त्याला दोन गोष्टी लागतात: दखलपात्र गुन्ह्याचा बेत पोलिसांना माहीत असणं, आणि अटकेशिवाय तो रोखता येणार नाही असं दिसणं. तुमचं शिक्क्याचं उत्तर नेमकं या दुसऱ्या मुद्द्यावर आडवं येतं. अटकेची कारणं मागा (कलम ४७), घरच्यांना कळवायला लावा (४८), वकिलाची भेट मागा (३८). ताब्यात ठेवायला २४ तासांची मर्यादा आहेच. ‘चौकशीला बसवलंय’ असं म्हणत वेळ दडवला जातो, म्हणून नेलं त्याच क्षणी घरच्यांनी वकिलाला मेसेज टाकावा. म्हणजे वेळ नोंदली जाते. ठाण्यातलं सीसीटीव्ही चित्रण राखून ठेवा, असा अर्ज त्याच दिवशी द्या.

१८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात बसतंय, सांगली-सातारा त्याच्याच कक्षेत येतात. तिथं तातडीची याचिका न्यायची तर सोबत नोटीस, तिचं उत्तर आणि ३७ चा आदेश जोडावा लागेल. परत पाठवलेल्या नोटिशीची झेरॉक्स कुठून आणणार?