शुक्रवारी ८ महिन्यांच्या नातीला एकट्याने सांभाळायचंय, अनुभवी लोकांनी सांगा

नाशिककर_आजोबा:
नमस्कार मंडळी. लेकीची २६ आठवड्यांची रजा संपली तेव्हापासून नात दिवसा आमच्याकडे असते. सांभाळते ही, मी आपला झोळीला झोका देणं, संध्याकाळी फिरवून आणणं एवढंच. आता शुक्रवारी हिच्या बहिणीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे, म्हणजे सकाळी ९ ते ७ घरात मी आणि नात दोघंच. वय ६६, गुडघे दुखतात, बाकी ठणठणीत. आमची पोरं लहान होती तेव्हा मी कायम ड्युटीवर, दुपटंसुद्धा कधी बदललं नाही, ते राहूनच गेलं म्हणून हा दिवस नीट करायचाय. लेक दूध काढून फ्रीजमध्ये ठेवणारे, ते गरम कसं करायचं? आणि ती आजीच्याच खांद्यावर झोपते, माझ्याकडे रडते, त्याला काय करू?

रुचा_पुणे:
काका, गॅसवर उकळू नका आणि मायक्रोवेव्ह तर नकोच, मधेच एखादा घोट चटका बसेल इतका गरम राहतो. पातेल्यात गरम पाणी घेऊन त्यात बाटली ठेवायची, मनगटावर दोन थेंब टाकून बघायचं. वर साय धरलेली दिसेल, ते नासलेलं नसतं, बाटली हळू गोल फिरवली की मिसळतं. फ्रीजमध्ये ४ दिवस चालतं. तोंड लावून उरलेलं मात्र २ तासांनी टाकायचं, आणि ते टाकताना खरंच जिवावर येतं हो, काढायला किती वेळ जातो ते मी केलंय, म्हणून थोडं थोडंच गरम करा.

साताऱ्याची_आजी:
भाऊ, शुक्रवारची वाट बघू नका, आजपासून दुपारची झोप तुमच्याकडे घ्या, वहिनींना शेजारच्या खोलीत बसू दे. वहिनींची नेसलेली सुती साडी तुमच्या खांद्यावर टाका, लेकरं वास ओळखतात. झोपली की उताणी ठेवायची, तोंडाजवळ उशी गोधडी नको. खायला मऊ भात, मुगाचं वरण, नाचणीची पेज, मांडीवर बसवून भरवा, मीठ साखर नको. मध तर वर्षाची होईपर्यंत बोटभरही नाही, आम्ही चाटवायचो पण त्यातून बोट्युलिझम, म्हणजे जंतूंच्या विषाने होणारा गंभीर आजार, होऊ शकतो, तान्ह्या बाळाला तो झेपत नाही.

मिलिंद७१:
गुडघ्यांचं म्हणताय तर सगळं खाली सतरंजीवरच करा, पलंगावर एक मिनिटही एकटी ठेवू नका, या वयात कधी पालथी पडून कडेला पोचेल कळत नाही. आदल्या रात्री जमिनीवर शेंगदाणा, नाणं, रिमोटचा बटण सेल काही पडलंय का ते स्वतः खाली बसून बघा, उभ्याने दिसत नाही. शेजारी सांगून ठेवा, १०८ लक्षात असू दे.

नाशिककर_आजोबा:
सगळ्यांचे मनापासून आभार, आत्ताच लेक तिला घेऊन गेली. दूध तीनदा प्यायली, पेज अर्धी फ्रॉकवर गेली. साडेअकराला रडायला लागली ती थांबेचना, साडी खांद्यावर होती तरी. मग गॅलरीत येरझाऱ्या घालत पाढे म्हणायला लागलो, दोनपासून, आणि सतराच्या पाढ्याला डोकं खांद्यावर टेकलं. खाली ठेवायचं धाडस होईना, तसाच पाऊण तास खुर्चीत बसून राहिलो, तिचा श्वास मानेला लागत होता. दुपटी चार बदलली. संध्याकाळी ही आल्यावर तिच्याकडे जायला पोर आधी तयार नव्हती, माझा शर्ट धरून ठेवला होता. सोमवारपासून दुपारची झोप माझ्याकडे, हिला सांगून टाकलंय.