मोबी डिक अल्बमवर ऐकून मत बनवू नका, लाइव्ह ऐका

रिफवेडा: ब्रिटिश रॉक बँड लेड झेपेलिनच्या दुसऱ्या अल्बमवर (1969) त्यांचा ड्रमर बॉनमच्या एकल वादनाचं (सोलोचं) मोबी डिक जेमतेम सव्वाचार मिनिटांचं आहे. तेवढं ऐकून "बॉनमचा सोलो ऐकला" म्हणणारे भेटले की मला खरंच वाईट वाटतं. 9 जानेवारी 1970 चा रॉयल अल्बर्ट हॉलचा व्हिडिओ बघा, गिटारवाला पेज आणि बेसवाला जोन्स रिफ (परत परत येणारी छोटी धून) वाजवून बाजूला होतात आणि मग हा एकविशीतला पोरगा एकटाच, मध्येच काठ्या टाकून नुसत्या हातांनी ड्रम बडवतोय, सगळं मिळून पंधरा मिनिटं आणि एक क्षण नजर हटत नाही.

तिहाई: नाही पटलं. मी तबला शिकलोय, म्हणून सांगतो. आपल्याकडे एकल वादनात मागे लेहरा (तालाच्या आवर्तनाएवढी, सतत फिरणारी धून) चालू असतो, त्यामुळे वादक कितीही लांब गेला तरी सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, कुठे आहे ते कळतं. इथे रिफ थांबला की ऐकणाऱ्याला धरायला काहीच उरत नाही. पुढे तर हाच सोलो वीस-वीस, तीस-तीस मिनिटं ताणला. बॉनम मोठाच, पण ऐकायचा तर त्यांच्या व्हेन द लेव्ही ब्रेक्स या गाण्यात, तिथे तो गाण्यासाठी वाजवतो.

रिफवेडा: लेहरा नाही हे मान्य, पण पाय ऐका ना! 26 इंची बेस ड्रम, एकच पेडल, आणि त्यावर हात-हात-पाय अशा तिगुणातल्या त्या लडी, मला तर धरायला तेवढं पुरतं.

बेसवाली: अजून एक, स्टुडिओतला सोलोसुद्धा एका दमात वाजवलेला नाहीये, लांबलचक टेक्समधले (रेकॉर्डिंगच्या वेगवेगळ्या फेऱ्यांमधले) तुकडे पेजने जोडलेत. म्हणजे अल्बमवर आहे तो वेचून काढलेला बॉनम. तरी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधल्या कार्यक्रमाचं 1973 चं फुटेज बघताना मधे माझं लक्ष उडतं, तिथे तिहाईंचं बरोबर आहे.

तिहाई: काल रात्री हेडफोन लावून 1970 चं परत ऐकलं. हातांनी वाजवतो तो भाग ऐकताना मी नकळत मांडीवर ठेका धरला होता, एवढं कबूल करतो. पण 1977 च्या टूरवर या सोलोचं नावच ओव्हर द टॉप झालं, तो लांबलेला प्रकार मला अजूनही नकोच.

रिफवेडा: 1977 साठी मीही भांडणार नाही. 1970 चं मात्र सोडणार नाही.