किटमधून घरी केलेली वाइन: सांगली-साताऱ्याकडच्या मंडळींचे अनुभव

विश्रामबागकर, सांगली

नमस्कार मंडळी. माझी मुलगी टोरांटोजवळ राहते. चार हिवाळे तिच्याकडे होतो, तेवढ्यात किटमधून पाच वेळा लाल आणि तीन वेळा पांढरी वाइन केली. तिकडे स्वतःपुरती घरी करायला कायद्याची आडकाठी नाही. आपल्याकडची बरीच पोरं परदेशात हेच करतात असं कानावर येतं, म्हणून हा धागा काढला. जमलं ते लिहा, बिघडलं तेही लिहा, फक्त आकडे द्या.

किटच्या खोक्यात आटवलेल्या द्राक्षरसाची पिशवी, यीस्टची पुडी, वाइन नितळ करणारी बेन्टोनाइट नावाची माती, जिवाणूंना रोखणारं सल्फाइट, यीस्टला पुन्हा वाढू न देणारं सॉर्बेट आणि शेवटी गाळ खाली बसवणारी दोन पाकिटं असतात. पाणी घालून २३ लिटर करायचं, म्हणजे साधारण ३० बाटल्या.

पहिली लाल मी तळघरात लावली. तिथं जेमतेम १५ अंश. तीन दिवस एक बुडबुडा नाही. मुलगी म्हणाली, "बाबा, टाकून देऊया." मी डबा वर आणला, घोंगडी गुंडाळली, २२ अंशांवर ठेवला. दुसऱ्या दिवशी पहाटे झाकणाला कान लावला, तर आत पत्र्यावर भुरभुर पाऊस पडावा तसा आवाज! रसाची घनता मोजणारा हायड्रोमीटर सुरुवातीला १.०९० दाखवत होता, साखरेचं अल्कोहोल होत गेलं तसा दोन आठवड्यांनी ०.९९५ वर आला. म्हणजे साधारण साडेबारा टक्के अल्कोहोल.

बाटल्या भरल्यावर महिनाभरात एक उघडली. कच्ची, घशाला ओरखडणारी. त्याच खोक्यातली शेवटची बाटली चौदाव्या महिन्यात उघडली, तेव्हा ही आपलीच का, असं वाटलं. लाल वाइनला निदान सहा महिने हात लावू नका, हे मी अगदी कळकळीनं सांगतो.

तासगावकर, सध्या मँचेस्टर

काका, छान धागा. आमची चार एकर बाग आहे, थॉमसन आणि माणिक चमन. इथं मित्र विचारतात, घरात द्राक्षं असताना खोक्यातला रस कशाला? मलाही तसंच वाटायचं. म्हणून पहिल्या वर्षी दुकानातली बिनबियांची द्राक्षं आणून केली. पाणचट झाली, जिभेवर काही राहीनाच. आपलं द्राक्ष खायचं आणि बेदाण्याचं. मणी मोठा, साल पातळ, बी नाही. लाल वाइनचा रंग सालीतून येतो, तुरटपणा साल आणि बी दोन्हींतून. वाइनचं द्राक्ष बारीक आणि जाड सालीचं असतं.

आता रसाबरोबर द्राक्षाच्या सालीची पिशवी असलेलं किट घेतो. ती पिशवी वर तरंगते, दिवसातून दोनदा दाबून बुडवावी लागते, नाहीतर वरून सुकून बुरशी धरते. आणखी एक, आंबताना वाइनमध्ये अडकलेला गॅस ढवळून नीट काढा. मी एकदा घाईत ढवळलं नाही. गाळ बसेना आणि वाइन सोड्यासारखी चुरचुरायला लागली.

कराडची लेक, मेलबर्न

मी रसायनशास्त्र शिकवायचे, तरी चूक केलीच. सॉर्बेट घातलं आणि सल्फाइट राहिलं. सॉर्बेटमुळे यीस्ट वाढत नाही, पण जिवाणूंवर त्याचा इलाज चालत नाही. लॅक्टिक जिवाणूंनी सॉर्बेटच खाल्लं आणि अख्ख्या २३ लिटरला जिरेनियमची पानं चुरगळल्यासारखा वास आला. तो वास कशानंही जात नाही. ओतताना डोळ्यांत पाणी आलं.

भांडी धुवायला ब्लीच वापरू नका. क्लोरीनचा अंश राहिला तर वाइनला कुबट, बुचाचा वास लागतो. पांढरीला हवा तर अजिबात सोसत नाही. सायफनची नळी तळाशी टेकवून, आवाज न होऊ देता उतरवायची. वरून धार सोडलीत तर चिरलेल्या सफरचंदासारखी तपकिरी पडते.

शाकाहारी मंडळींनी शेवटची पाकिटं वाचून घ्यावीत. त्यातलं कायटोसान बहुधा कोळंबी-खेकड्यांच्या कवचांपासून करतात. आम्ही ते वगळतो. नुसतं बेन्टोनाइट आणि दीड महिना जास्तीचा दिला की वाइन नितळ होते.

मिरजेहून

हे मिरजेत करता येईल का हो? किट मागवायचा विचार आहे.

विश्रामबागकर, सांगली

नाही दादा, करू नका. १९४९ च्या महाराष्ट्र दारूबंदी कायद्याप्रमाणे इथं परवान्याशिवाय वाइन करणं गुन्हा आहे, घरच्यापुरती असली तरी. आपल्याच जिल्ह्यात पलूसला वाइन पार्क आहे. हा विषय आवडत असेल तर रीतसर व्यवसाय म्हणून त्याकडे बघा. शिवाय पांढरीला १८ ते २० अंश लागतात, आपल्या एप्रिलमध्ये ते कुठून आणणार?

साताऱ्याची सून, लीड्स

आम्ही फक्त पांढरी करतो, तीन महिन्यांत प्यायला येते. सासूबाई इथं आल्या होत्या. त्या पीत नाहीत, पण लोणच्याच्या बरणीवर घालतात तशी प्रत्येक बाटलीवर त्यांनी स्वतः तारीख घातली. तेव्हापासून कुठली बाटली किती मुरलीय ते बरोबर कळतं.

विश्रामबागकर, सांगली

तासगावकर, डिसेंबरात पुन्हा जातोय, या खेपेला सालीचं किट घ्यायचंय. ती पिशवी किती दिवसांनी काढता? आणि पिळून घेता की नुसती निथळू देता?