गे ग्रुपची वीकेंड सहल: मधपाळ, चीज डेअरी, फळबाग… दोन दिवस कसे आखावेत?

रविवारी_भेटू

आमचा गे पुरुषांचा छोटा ग्रुप आहे. महिन्यातून एकदा कोणाच्या तरी घरी जमतो, जेवतो, कधी सिनेमा लावतो. या वेळी बऱ्याच जणांचं म्हणणं पडलं की शहराबाहेर पडू या, आणि नुसतं रिसॉर्टवर लोळण्यापेक्षा जे लोक खाण्याच्या वस्तू स्वतः पिकवतात, बनवतात त्यांच्याकडे जाऊ या. मी उत्साहात यादीही केली आहे: एक मधपाळ, एक छोटी चीज डेअरी, सफरचंदाची बाग (तिथेच रस काढतात), आळिंबीची शेड आणि लाकडाच्या भट्टीत पाव भाजणारं एक जोडपं. शनिवारी सकाळी निघायचं, रविवारी संध्याकाळी परत. एकूण १४ जण.

पाचही ठिकाणं बसतील का, हा पहिला प्रश्न. दुसरा जास्त नाजूक आहे. यजमानांना आधी सांगावं का, की हा गे ग्रुप आहे? काही जण म्हणतात, 'मित्रमंडळी' म्हणून जाऊ, उगाच विषय कशाला. काहींना ते अजिबात पटत नाही. मुक्कामाला खोल्या कशा लावायच्या तेही त्यावरच अवलंबून आहे, कारण आमच्यात तीन जोडपी आहेत.

आणि मला मनापासून काळजी आहे ती नव्या दोघांची. त्यातला एक तर आम्ही जमलो की पूर्ण वेळ कोपऱ्यात मोबाइल घेऊन बसतो. सहलीला येतो म्हणालाय. त्याला तिथे परकं वाटू नये, एवढंच डोक्यात आहे. कोणी अशी सहल काढली असेल तर सविस्तर लिहा.

दूधखुळा

पाचातली तीन ठिकाणं आजच खोडा. शनिवारी एक, रविवारी एक, बस.

मी डेअरीत उमेदवारी केली, पुढेही सगळी नोकरी दुधातच गेली, आणि आमच्या ग्रुपच्या अशा सहली मी आणि माझा जोडीदार मिळून बरीच वर्षं आखतो आहोत. पाच ठिकाणं केलीत की प्रत्येक ठिकाणी तेच होणार. यजमान माहिती सांगणार, तुम्ही चव घेणार, फोटो काढणार, गाडीत बसणार. तुमचा कोपऱ्यातला मुलगा गाडीतही कोपराच धरेल.

त्यापेक्षा यजमानाला विचारा, आमच्या हातांना काय काम द्याल? चीजच्या ठिकाणी हे फार छान जमतं, कारण तिथे घाई करताच येत नाही. दूध तिशीच्या आसपास अंशांवर कोमट करायचं, विरजण घालायचं, थोडा वेळ मुरू द्यायचं, मग रेनेट, म्हणजे दूध घट्ट बसवणारं द्रव्य. रेनेट घातलं की अर्धा-पाऊण तास भांड्याला कोणी हात लावायचा नाही. मग चीज करणारी बाई सुरीचं पातं तिरकं खुपसते आणि अलगद वर उचलते. चीर स्वच्छ फुटली आणि फटीत हिरवट-पिवळं निवळ पाणी साचलं, तर दूध बसलं. कडा लिबलिबीत निघाली तर अजून थांबायचं. त्या वेळी सगळे भांड्यावर वाकलेले असतात आणि कोणी चकार शब्द काढत नाही.

पुढचं काम ढवळण्याचं. बसलेलं दूध कापून केलेले दाणे इतके नाजूक असतात की हात कोपरापर्यंत धुऊन आत घालावा लागतो आणि तळातून वर, तळातून वर, असं हळू फिरवत राहावं लागतं. भांड्याच्या दोन बाजूंना दोघं उभे करायचे. आमच्याकडे एक जण होता, कित्येक भेटींत नावापलीकडे काही बोलला नव्हता. ढवळायला त्याच्यासमोर आमच्यातले सगळ्यात वडीलधारे काका आले. काम संपेपर्यंत तो त्यांना आईच्या आजारपणाबद्दल, घरी काय सांगितलंय आणि काय नाही, याबद्दल सांगत होता. कोणाच्या नजरेला नजर द्यावी लागत नाही, हात गुंतलेले असतात, म्हणून तोंड उघडतं. बारमध्ये किंवा दिवाणखान्यात गोल करून बसल्यावर हे होत नाही, हे माझं ठाम मत आहे. दहा लिटर गाईच्या दुधाचं जेमतेम किलोभर कडक चीज होतं, हेही दाण्यांनी भरलेलं ओलं फडकं स्वतः उचलून साच्यात भरल्यावर जसं कळतं तसं ऐकून कळत नाही.

हे माझ्या डोक्यातून आलेलं नाही. १९७१ साली लंडनमध्ये सेक्रेटरीचं काम करणाऱ्या स्यू कॉपर्ड यांनी शहरातल्या लोकांना शनिवार-रविवार सेंद्रिय शेतावर कामाला जाता यावं अशी सोय केली, आणि शेतावर राहून काम करू इच्छिणाऱ्यांचं आज जगभर पसरलेलं जाळं, 'वूफ', त्यातूनच उभं राहिलं. ब्रिटनमध्येच १९७४ पासून गे आउटडोअर क्लब आहे. आपल्यासारख्या लोकांनी एकत्र मोकळ्या हवेत जाणं ही जुनी आणि चांगली गोष्ट आहे, त्यासाठी आडून बोलायची गरज नाही.

म्हणून यजमानांना आधी सांगाच. फोनवर, साधेपणानं: 'आमचा गे पुरुषांचा ग्रुप आहे, त्यात तीन जोडपी आहेत, तुमच्याकडे यायची इच्छा आहे.' पलीकडचा माणूस चाचपडायला लागला तर आभार मानायचे आणि दुसरीकडे फोन लावायचा. 'मित्रमंडळी' म्हणून गेलात की पहिल्याच गप्पांत 'घरच्यांना का नाही आणलंत?' हा प्रश्न येतो, आणि मग सगळे जण दोन दिवस एकमेकांच्या थापा सांभाळत बसतात. ज्यांनी कुठे सांगितलेलं नाही त्यांना तर हा ताण रोजचाच असतो, निदान सहलीत तरी नको. ग्रुपबद्दल सांगायचं, कोणाचंही आडनाव, ऑफिस, पत्ता मात्र यजमानाला द्यायचा नाही.

चव घेण्याबद्दल एक गोष्ट कळकळीनं सांगतो. छोट्या डेअऱ्यांमध्ये कच्च्या दुधाचं चीज असू शकतं. ते चांगलं असतं, पण त्यात लिस्टेरिया या घातक जिवाणूचा धोका राहतो, विशेषतः मऊ प्रकारांत, आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांना तो फार महागात पडू शकतो. पण त्यासाठी ग्रुपमध्ये कोणाला काय आजार आहे, कोण कसली औषधं घेतं, हे विचारत फिरू नका. कोणालाच ते सांगावं लागू नये. यजमानांना सांगा, प्रत्येक ताटलीपुढे 'कच्चं' किंवा 'पाश्चराइज्ड' अशी चिठ्ठी ठेवा. ज्याला टाळायचं तो कारण न देता टाळेल.

बाकी: जनावरं असलेल्या दोन ठिकाणी त्याच मळक्या बुटांनी जाऊ नका, लाळ्या-खुरकूत बुटांच्या चिखलातून आणि गाडीच्या चाकांतून पसरते. आणि त्यांच्या वेळेचे पैसे आधी ठरवून द्या, खरेदी त्याहून वेगळी. गाई-शेळ्यांना रविवार नसतो. तुमच्यासाठी तो माणूस अर्धा दिवस बाजूला काढतोय.

मोहोळ

मी मधमाश्या पाळते, गटही येतात, म्हणून माझ्या बाजूचं लिहिते.

त्या दिवशी अत्तर, परफ्यूम, सुवासिक जेल काही लावू नका. कपडे फिके आणि गुळगुळीत कापडाचे. गडद, केसाळ कापडावर माश्या चिडतात. पेटीजवळ येण्याआधी केळंही खाऊ नका, कारण माश्या धोक्याचा इशारा देताना जो गंध सोडतात त्यातल्या मुख्य द्रव्याला पिकल्या केळ्याचा वास असतो. मी धूर देते तो काही अंशी हाच गंध झाकण्यासाठी. माशी चावलीच तर काटा चिमटीत धरायची वाट बघू नका, नखानं लगेच खरवडा, पिशवीतून विष येतच राहतं. कोणाला डंखाची अॅलर्जी असेल तर डॉक्टरांनी दिलेलं अॅड्रेनलिनचं इंजेक्शन त्याच्या खिशातच हवं.

ऊन असलेल्या, वारा नसलेल्या दुपारी या, तेव्हा चरायला जाणाऱ्या माश्या बाहेर असतात. पेटीशी १४ जण एकदम नकोत, चार-चार. बाकीच्यांना मी चौकटींवरची मेणाची झाकणं सुरीनं काढायला बसवते. मधातलं पाणी साधारण १८ टक्क्यांवर आलं की माश्या घर मेणानं बंद करतात, त्यामुळे बंद घरांची चौकट म्हणजे तयार मध. ती हातात धरली की तिच्या वजनानं माणसं चकित होतात.

दूधखुळा यांचं पटतं, आधी सांगा. माझ्याकडे मुक्कामाच्या खोल्या आहेत. जोडपी कोण हे माहीत असलं की त्यांना डबल बेडची खोली सरळ देते, दारात उभं राहून कोणाला काही खुलासा करावा लागत नाही. एकट्यांना मात्र स्वतंत्र पलंगच द्या. नव्या माणसाला अनोळखी माणसाबरोबर एका पलंगावर झोपायला लावणं बरं नव्हे.

रविवारी_भेटू

दोघांचे खूप आभार. बाग, आळिंबी, पाव खोडले. मनाला थोडं लागलं, पण पटलं. शनिवारी चीज, रविवारी दुपारी मध.

फोटोंचं कसं करता? आमच्यातले तिघं घरी-ऑफिसात आउट नाहीत, आणि बाकीच्यांना तर पोस्ट केल्याशिवाय राहवत नाही.

दूधखुळा

प्रत्येकाला एकेकट्याला विचारा, निघायच्या आधी. ग्रुपवर 'कोणाची हरकत आहे का?' असं विचारलं तर ज्याची हरकत असते तोच गप्प बसतो. एकाचीही असेल तर नियम सगळ्यांना सारखाच: चेहऱ्यांचे फोटो एकाच्याच फोनवर, आणि ते ज्याचे त्याला खाजगीत पाठवायचे. पोस्ट करायला हात, भांडी, चौकटी, जनावरं भरपूर आहेत. जागेचं नाव परत आल्यावरच टाका. आउट नसलेल्या तिघांनाच बाजूला उभं करून बाकीच्यांचा फोटो, असं कधीही करू नका. न येणारा चेहरा कोणाचा ते तेवढ्यानं सगळ्यांना कळतं, आणि त्या माणसाला ते फार लागतं.

यजमानही आपल्या पानावर टाकायला फोटो घेतात, त्यांना हे आधीच सांगून ठेवा. चांगली माणसं लगेच समजतात.

चीजवाल्यांना फोन कराल तेव्हा त्या शनिवारी चीज लावणार आहेत का, हे पहिलं विचारा. लहान डेअरीत रोज लावतातच असं नाही. त्या दिवशी नसेल तर तुमची तारीख बदला, त्यांची नको.