विकायच्या घराला रंग काढावा का?

बोरिवलीकर_अण्णा:
आमच्या सोसायटीत सध्या जो तो फ्लॅट विकायला काढतोय आणि त्याआधी रंगाऱ्याला बोलावतोय. हॉलला पीओपी, एका भिंतीला गडद टेक्श्चर, कोपऱ्यात प्लास्टिकची झाडं. एजंटने कानात सांगितलेलं असतं, "साहेब, घर जरा दाखवण्यासारखं करा, पाच-दहा लाख वर मिळतील."

माझं मत: मुंबईत रीसेलच्या फ्लॅटवर हा खर्च वाया जातो. घेणारा किल्ली हातात आल्याबरोबर लाद्या उखडतो, ओटा फोडतो, संडास-बाथरूम नवं करतो. तुमचा रंग राबिटाच्या, म्हणजे तोडफोडीच्या मलब्याच्या, गोणीत जातो. त्याने पैसे मोजलेले असतात ते कार्पेटचे (भिंतींच्या आतल्या वापरायच्या जागेचे), स्टेशन किती जवळ याचे आणि कागदांचे.

आणि कागद कोणी तयार ठेवत नाही! बिल्डरच्या पहिल्या करारापासूनची साखळी, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, ओसी (भोगवटा प्रमाणपत्र), मंजूर नकाशा, इंडेक्स टू (करार नोंदवल्याचा सरकारी उतारा). कर्ज देणारी बँक हेच मागते. घर वडिलांच्या नावावर असेल तर नॉमिनेशन आहे म्हणून निवांत राहू नका. नॉमिनी मालक होत नाही. घर एकाच्या नावावर करायचं तर बाकीच्या वारसांचं हक्कसोडपत्र नोंदवावं लागतं. पुण्याची बहीण आणि अमेरिकेतला भाऊ एका कागदावर आणायला रंगकामापेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतो.

सुलूताई_मुलुंड:
असहमत, अण्णा. कागद बघायला माणूस आधी घरात तर यायला हवा. आता लोक मोबाइलवर फोटो बघूनच अर्धी घरं बाद करतात. तुमचा शेअर सर्टिफिकेटचा फोटो बघून कोण येणार?

शिवाय हिशोब करा. दीड कोटीच्या वन बीएचकेत एक टक्का म्हणजे दीड लाख. घेणाऱ्याला गळका नळ, तडकलेलं बेसिन, निखळलेली कडी दिसली की तो "काम बरंच निघेल हो" म्हणतो आणि थेट पाच लाख खाली उतरून बोलायला लागतो. प्लंबर ते काम हजार-दोन हजारात करून गेला असता.

आणि रंग राहू दे, निदान पसारा तरी काढा. बॉक्स ग्रिलमधल्या कुंड्या, मोडकी सायकल, जुना कूलर. माळ्यावर वीस वर्षांचे खोके. अर्ध्या खिडकीवर लोखंडी कपाट. एवढं हलवलं तरी तीच खोली मोठी वाटते. आमच्या वहिनीने सामान गावी पाठवलं आणि मगच फोटो काढले. शेजारचा तसाच फ्लॅट तेव्हा कधीचा पडून होता.

पुट्टीवाला:
धंदा माझाच आहे, तरी सांगतो. भर पावसाळ्यात ओल आलेली भिंत सुकायच्या आत पुट्टी भरून "मारा रंग" म्हणणारे मालक दर वर्षी भेटतात. थोडे दिवस दिसायला छान, मग पापुद्रे सुटतात. तोवर टोकन, म्हणजे बयाणा, घेऊन झालेलं असतं. मी अशी कामं घेत नाही, पण घेणारे खूप आहेत.

बघायला जाणाऱ्यांसाठी: मोबाइलचा टॉर्च भिंतीला लावून आडवा धरा. पॅच मारलेली जागा लगेच कळते. सगळी खोली जुनी आणि एकच कोपरा ताजा असेल तर त्याच्या वर कोणाची मोरी येते ते विचारा. गच्चीतून किंवा पावसाने होणारी गळती दुरुस्त करणं आदर्श उपविधींप्रमाणे (सोसायट्यांच्या नमुना नियमांप्रमाणे) सोसायटीच्या खर्चाचं काम आहे. वरच्या फ्लॅटच्या बाथरूममधली असेल तर ती सदस्यांनी आपसात निस्तरायची. म्हणून सगळ्यात वरच्या मजल्यावर राहत असाल तर मला फोन करायच्या आधी सेक्रेटरीला लेखी पत्र द्या आणि पोच घ्या. ती पोच घेणाऱ्यालाही दाखवा.

बोरिवलीकर_अण्णा:
म्हणजे तुम्ही माझ्याच बाजूने की!

पुट्टीवाला:
अर्धाच. भिंत कोरडी असेल तर साध्या ऑफव्हाइटचा हात मारायला काय हरकत आहे? टेक्श्चरचं सोडा. ते ज्याच्या त्याच्या आवडीचं असतं, आणि पुढच्याला नेमकं नको असतं.

गिरगावचा_नाना:
तुम्ही सगळे उपनगरातले. इथे भिंत बघतो कोण! पहिला प्रश्न: पुनर्विकासाला बिल्डर नेमलाय का? दुसरा: नवीन कार्पेट किती मिळणार? ३३(७) मध्ये, म्हणजे शहरातल्या जुन्या उपकरप्राप्त इमारतींच्या पुनर्विकासाच्या नियमात, जाणाऱ्या इमारतीत रंग काढणाऱ्याला चाळीतली पोरंसुद्धा हसतील. ३० वर्षांवरच्या इमारतीला पालिकेच्या कायद्याने स्ट्रक्चरल ऑडिट बंधनकारक आहे. तो अहवाल सोसायटीकडून मागून हाताशी ठेवा, घेणारा तोच विचारेल.

आणि पागडीची खोली (एकरकमी पैसे देऊन घेतलेली जुनी भाड्याची खोली) देणं ही विक्री नव्हेच, भाडेकरूचा हक्क बदलतो. मालकाची संमती लागते, त्याचा वाटाही द्यावा लागतो. अशा खोलीला चकाचक करून "स्वतःच्या मालकीचे घर" अशी जाहिरात देणारे महाभाग बघितलेत मी.

नवखरेदीदार:
मी सध्या घर शोधतोय, त्यामुळे दुसऱ्या बाजूने बोलतो. मला रंगाचा राग नाही, 'मोठं केलेल्या' घराचा आहे. बाल्कनी आत घेतलेली, मधली भिंत पाडलेली, ड्राय बाल्कनीचं किचन केलेलं. दिसायला झकास. पसंत केलं, टोकन दिलं. मग बँकेच्या व्हॅल्युअरने (घराची किंमत ठरवणाऱ्याने) मंजूर नकाशा लावून बघितलं आणि कर्जाची रक्कम खाली आली. फरक मी कुठून भरणार? व्यवहार तुटला आणि टोकनसाठी भांडणं.

पार्किंगचंही तसंच. जाहिरातीत "पार्किंगसह" लिहितात, विचारलं की "बिल्डरकडून विकत घेतलं होतं" म्हणतात. रेरा कायद्याआधीच्या इमारतींत बिल्डरला मोकळी किंवा स्टिल्टची (इमारतीखालची खांबांमधली) जागा वेगळी विकता येत नव्हती, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० सालीच सांगितलंय. सोसायटीचं वाटपाचं पत्र दाखवा, बाकी बोलू नका.

आणि घरभर उदबत्तीचा वास आला की मी हल्ली आधी बाथरूमचं छत बघतो.

सुलूताई_मुलुंड:
अहो, उदबत्ती आमच्याकडे रोज लागते!

पण तुम्ही म्हणता ती फसवणूक झाली. मी घर आवरण्याबद्दल बोलतेय. पाहुणे येणार म्हणून आपण चादर बदलतो, त्यात कोणाला फसवतो का? ओल लपवू नका, पण ट्यूब तरी बदला. संध्याकाळी लुकलुकणाऱ्या ट्यूबखाली घर दाखवणाऱ्या माणसाला "माझे कागद चोख आहेत" म्हणून भाव मिळत नाही.

बोरिवलीकर_अण्णा:
ट्यूब, नळ, पसारा हे मान्य. पीओपी अमान्यच. आणखी एक: रंगरंगोटीचा खर्च घरविक्रीच्या भांडवली नफ्यातून सहसा वजा होत नाही, दलाली होते. लाखभर रंगावर घालवले तर करात त्याची सूट धरू नका.

सुलूताई_मुलुंड:
करासाठी कोण रंग काढतो, अण्णा! बरं, पितृपक्षात घर बघायला कोणी फिरकत नाही. त्या पंधरवड्यात रंगकाम उरकलं तर स्वस्तात होईल का, पुट्टीवाले?

पुट्टीवाला:
नाही ताई. तेव्हाच सगळ्या मुंबईला दिवाळीआधी रंग हवा असतो.