कोल्हापूर ते नागपूर : हवाई अंतर आणि उड्डाणाचा खरा वेळ

पंचगंगाकाठ (प्रश्न):
माझी आई ७६ वर्षांची असून तिला येत्या हिवाळ्यात कोल्हापूरहून नागपूरला बहिणीकडे न्यायचे आहे. महाराष्ट्र एक्स्प्रेस पुणे, दौंड, मनमाड, भुसावळ असा मोठा वळसा घेते आणि त्यात जवळजवळ अख्खा दिवस व रात्र जाते. गुडघ्यांच्या दुखण्यामुळे तिला आता ते झेपणार नाही. रस्त्याने जायचे तर आठशे किलोमीटरहून अधिक अंतर आहे. एका संकेतस्थळावर उजळाईवाडी (कोल्हापूर विमानतळ) ते सोनेगाव (नागपूर विमानतळ) हवाई अंतर सुमारे ७०० किलोमीटर आणि उड्डाणाचा वेळ ५० मिनिटे असा दिसतो. हा वेळ धरून पुढची आखणी करावी का?

सोनेगावकर:
अंतर बरोबर आहे, वेळ मात्र नाही. ७०० किलोमीटरला ताशी साडेआठशेच्या वेगाने भागले की ५० मिनिटे येतात. पण विमान तो वेग फक्त उंचीवर पोहोचल्यावर गाठते आणि उतरण्याच्या बरेच आधी तो कमी करू लागते. शिवाय आपला मार्ग ईशान्येकडे जातो, तर नागपूरची धावपट्टी वायव्य-आग्नेय दिशेची आहे, म्हणजे मार्गाला जवळजवळ काटकोनात; त्यामुळे उतरताना वळण घ्यावेच लागते. धावपट्टीपर्यंत जाण्यायेण्याची मिनिटे वेगळीच.

सर्वांत विश्वासार्ह मोजमाप मुंबई-नागपूर मार्गाचे आहे. ते हवाई अंतर सुमारे ६८० किलोमीटर, म्हणजे आपल्या अंतराएवढेच, आणि वेळापत्रकात त्याला साधारण दीड तास दिलेला असतो. त्यात मुंबईच्या गर्दीसाठी राखलेला वेळही आला. म्हणून कोल्हापूरहून थेट जेट विमानाला सव्वा ते दीड तास धरावा. पंख्याचे एटीआर विमान असेल तर ते ताशी पाचशेच्या आसपास उडते, त्यामुळे पावणेदोन तास धरावेत.

पंचगंगाकाठ:
मनःपूर्वक आभार. सोयीच्या दिवशी थेट विमान नसेल, तर मुंबईमार्गे जावे की हैदराबादमार्गे?

दख्खनवासी:
अंतराने हैदराबाद जवळ पडते. कोल्हापूर-हैदराबाद सुमारे ४४५ आणि हैदराबाद-नागपूर सुमारे ४३५, असे मिळून ८८० किलोमीटर होतात. मुंबईमार्गे ते ९९० होतात. तरीही या शंभर किलोमीटरांवर निर्णय घेऊ नये, कारण हवेत तो फरक दहा-पंधरा मिनिटांचाच असतो, तर दोन विमानांमधील थांबा दोन तासांचाही असू शकतो आणि सहा तासांचाही. दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर घ्यावेत, म्हणजे पहिले विमान उशिरा आले तरी पुढची सोय करण्याची जबाबदारी विमान कंपनीवर राहते.

सोनेगावकर:
एक गोष्ट राहिली. हिवाळ्यात वरच्या थरात पश्चिमेचे वारे वाहतात, त्यामुळे नागपूरला जाताना विमानाला त्यांची साथ मिळते आणि परत येताना काही मिनिटे अधिक लागतात. पावसाळ्यात त्या उंचीवर वारे पूर्वेकडून येऊ लागतात आणि हे उलटते. आईंच्या दृष्टीने मात्र विमानाच्या पायऱ्या अधिक महत्त्वाच्या आहेत. तिकीट काढतानाच चाकाच्या खुर्चीची मागणी नोंदवा आणि पायऱ्या चढता येत नाहीत हे स्पष्ट सांगा, कारण नुसती खुर्ची मागितली तर ती विमानाच्या पायऱ्यांपाशी थांबते.